तेरा इंची पंखा आणि जड मेहुणा

"मोटर आणि प्रोपेलरचा पंखा यांची जोडी जमवणं हे शास्त्र आहे, आणि या अख्ख्या इमारतीत ते फक्त मला येतं!" असं पायलट छातीठोकपणे सांगायचा. हा पायलट विमा कचेरीत कारकून होता. त्याच्या अकरा मॉडेल विमानांपैकी एकानंही अजून जमीन सोडली नव्हती. म्हणून तर शेजाऱ्यांनी त्याला हे नाव दिलं होतं.

सध्या विमानांच्या खोलीवर संकट होतं. बायकोचा भाऊ दोन दिवसांसाठी आला होता, त्याला तिसरा महिना लागला. तो हॉलमधल्या चाकांच्या खुर्चीत जो बसला, तो जेवायलाही तिच्यावरूनच यायचा.

"रविवारी तुमच्या मोटरीनं घरातली एक तरी वस्तू जागची हलवून दाखवा," बायकोनं बजावलं. "खोली तुमची. नाहीतर माझ्या भावाची!"

रविवार उजाडला. घरात चाकं असलेली वस्तू एकच, आणि तिच्यावर मेहुणा.

"जरा उठतोस का?"

"मी कुठे आड येतोय, भाऊजी? तुमचं चालू द्या. तो मोटरीचा रिमोट आणा इकडे, बसल्या बसल्या तेवढीच मदत."

पायलटनं खुर्चीच्या पाठीला मोटर आवळली. खुर्ची सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधली, मधे ताण मोजायला स्प्रिंगचा काटा. नियम साधा: सुसाट मोटरीला लहान पंखा, संथ मोटरीला मोठा. त्याची मोटर सुसाट. सात इंची पंख्याला काटा थरथरला, मेहुण्यानं जांभई दिली. नऊ इंचीला मेहुणा म्हणाला, "गार वाटतंय." बायको नुसतीच हसली.

त्या हसण्यानं घात केला. पायलटनं शास्त्र खुंटीला टांगलं आणि तेरा इंची पंखा चढवला!

घर गरजलं! वर्तमानपत्र छताला चिकटलं, सुतळी तुटली आणि खुर्ची निघाली. वेगानं नव्हे, निरोप समारंभात हार घ्यायला निघालेल्या साहेबासारखी, संथ आणि सन्मानानं.

"बंद कर! रिमोटची दांडी खाली ओढ!" पायलट ओरडला.

"खाली म्हणजे माझ्याकडे की तुमच्याकडे?"

"तुझ्याकडे!"

"ऐकू येत नाही, तुम्ही तर मागे राहिलात! पुढे ना?" म्हणत मेहुण्यानं दांडी पुढे रेटली.

खुर्ची घरातल्या बोळातून थेट विमानांच्या खोलीत शिरली, खिडकीशी जाऊन टेकली. तिथे मोटरीनं धूर सोडला आणि प्राणही.

मग आतून आवाज आला, "भाऊजी, इथे उजेड काय मस्त येतो हो!"

"जिंकलात!" बायको म्हणाली. "तीन महिन्यांत त्याला जागचं कुणी हलवलं नव्हतं. खोली तुमची. आता तेवढं त्याला बाहेर काढा."

पायलटनं मोटरीला हात लावला, बोट भाजून घेतलं आणि तेच बोट तोंडात धरून दुसऱ्या हातानं वहीत नोंद केली: 'पंखा तेरा इंची. भार, मेहुणा. जोर उत्तम. परतीची सोय नाही.'