कणीक कोणी मळली?

आमच्याकडे जेवायला बसले की केळशीकरकाका पहिला घास घेण्याआधी विचारतात, "पोळ्या लाटल्या कोणी?"

"मीच," माझी बायको वसुधा म्हणते.

"आणि कणीक कोणी मळली?"

कणीक मी मळतो. ऑफिसात हे मी सांगत नाही, पण काकांना सांगावंच लागतं. त्याशिवाय ते घास उचलत नाहीत. उत्तर मिळालं की मान डोलावतात. "गेनाऊ, बरोब्बर. आता जेवू या."

काका म्युनिकमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. पंचाहत्तरीला आलेत. पुण्यात संस्कृत शिकले आणि तिबेटी पोथ्यांसाठी इथल्या विद्यापीठात आले. संस्कृतात हरवलेले कितीतरी ग्रंथ तिबेटी भाषांतरात टिकून आहेत म्हणून. आले ते इथलेच झाले.

तिबेटच्या अभ्यासाची सुरुवात कशी झाली, ते काकांकडूनच ऐकावं. युरोपातले विद्वान तिकडे जायचे. मठातला कोणी लामा त्यांना पोथी ओळ न् ओळ समजावून द्यायचा. विद्वान परत येऊन जाडजूड ग्रंथ छापायचे आणि प्रस्तावनेत लिहायचे, 'एका स्थानिक लामाची मदत झाली.'

"एका!" काका टेबलावर हात आपटतात. "अहो पाटणकर, त्याच्या आईबापांनी त्याला काही नाव ठेवलं असेल की नाही?"

निवृत्तीनंतर काका ही नावं शोधतायत. जुनी पत्रं, रोजनिशा, फोटोंच्या मागचा मजकूर. नाव सापडलं की पिवळ्या चिठ्ठीवर लिहून त्या पानावर चिकटवतात, खाली पुरावा. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एकशे बारा पुस्तकं, त्रेचाळीस चिठ्ठ्या.

ही खोड जिन्यापर्यंत पोचली आहे. जिना झाडण्याच्या पाळ्यांचा पुत्सप्लान काका हाताने लिहितात. त्याखाली टीप: 'कागद: वसुधा. चिकटपट्टी: पाटणकर.' त्यांच्या नऊच्या आकड्याचं शेपूट इतकं लांब, की ते खालच्या ओळीतल्या माणसाच्या नावातून आरपार जातं. त्या माणसाने एकदा लेखी तक्रार केली. काकांनी ती पुत्सप्लानशेजारी लावली, तक्रारदाराच्या नावासकट.

गेल्या महिन्यात तळमजल्याखालच्या केलरमधल्या त्यांच्या कपाटाला ओल आली. पुस्तकं वर आणायला मी गेलो. त्यात काकांच्या प्राध्यापकांनी केलेली तिबेटी पोथ्यांची सूची निघाली. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: 'पोथ्यांची कार्डं लिहिण्याच्या कामी एका भारतीय विद्यार्थ्याची मदत झाली.'

"काका, इथे चिठ्ठी नाही?"

"पुरावा नाही." ते पुस्तकं पुसत राहिले. "प्राध्यापक गेले. कार्डं कम्प्युटरवर चढली आणि फेकून दिली."

"पण तो विद्यार्थी तुम्हीच ना?"

"आल्झो, असं बघा पाटणकर, स्वतःच्याच बाजूने साक्ष देणारा साक्षीदार धरत नाहीत."

"किती कार्डं होती?"

"अकरा वर्षं," ते म्हणाले.

माझा प्रश्न वेगळा होता, पण मी पुन्हा विचारला नाही.

ते पुस्तक मी मागून घेतलं. चौदाव्या पानावर नमुन्यादाखल एका कार्डाचा फोटो छापला होता. भिंग घेऊन बघितलं. मग पुस्तक काखेत मारून जिन्यात गेलो आणि पुत्सप्लानसमोर अर्धा तास उभा राहिलो. वरून वसुधा ओरडली, "अहो, झाडायची पाळी आपली नाहीये!"

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत दिलं. काकांनी ते उघडलं. आत पिवळी चिठ्ठी: 'भारतीय विद्यार्थी: दामोदर केळशीकर. पुरावा: पान १४, कार्डावरचे तीन नऊ. ताडून पाहिले: जिन्यातला पुत्सप्लान, सात नऊ. शेपटं दहाच्या दहा जुळतात.'

काकांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. चौदावं पान उघडून पाहिलं. मला वाटलं, पुरावा कमी पडला.

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं: 'शोधलं: पाटणकर.'

आणि वर न बघताच विचारलं, "भिंग कोणाचं होतं?"