नाळ कुणाच्या हातून पडली?

शर्टाचं बटण तुटलं तर टेलरमास्तर बोलता बोलता लावून देत. पण बाळाची नाळ हातात आली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

बाळ घरी आल्यापासून सासूबाईंनी त्यांना जवळ फिरकू दिलं नव्हतं. "कात्रीचे हात तुमचे, जावईबापू. लांबूनच बघा!" आज मात्र बायको अंघोळीला, सासूबाई गॅसवरच्या दुधाशी, आणि तेवढ्यात बाळानं लंगोट ओला केला. ही संधी सोडतील तर ते मास्तर कसले? त्यांनी हौसेनं गाठ सोडली, तर लंगोटाबरोबर बेंबीवरचं ते काळं, वाळकं टोकही निघून आलं, प्लास्टिकच्या चिमट्यासकट.

बाळ मजेत पाय झाडत होतं, पण आता ते जन्मात पुन्हा आपल्या हाती लागायचं नाही, हे मास्तरांना कळून चुकलं. त्यांनी टोक खिशात घातलं, कोरडा लंगोट बांधला आणि बाळाला मानेपासून टाचेपर्यंत दुपट्यात असं काही गुंडाळलं, की उघडायचं कुठून हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हे काय? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" सासूबाई दारात उभ्या.

"झोपलंय हो ते."

"टक्क डोळे उघडे आहेत त्याचे. आणा इकडे."

"नको, नको! थंडी वाजेल."

"एवढ्या उकाड्यात?"

ओल्या केसांनी बायको बाहेर आली. "राहू दे ना गं आई. गुंडाळलेलंच छान दिसतंय." बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदाच नवऱ्याच्या बाजूनं बोलली, तेव्हा मास्तरांना गहिवरून आलं.

बाळाला मात्र हे पटलं नाही. ते लालबुंद होऊन किंचाळलं. सासूबाईंनी दुपटं फराफरा सोडलं, लंगोट खाली केला आणि त्या बघतच राहिल्या.

"माझ्या हातून तुटली, आई." मास्तरांनी टोक खिशातून काढून पुढे धरलं. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "डॉक्टरांकडे चला. टाका घालतील ते. नाहीतर मी घालतो!"

आता बायकोलाही रडू फुटलं. "तुमच्या नाही हो. सकाळी अंग पुसताना माझ्याच हातात आली. नर्सबाईंनी बजावलं होतं, ओढायची नाही म्हणून. आई ओरडेल म्हणून मी परत जागेवर ठेवली आणि वर लंगोट बांधला."

"अरे देवा! गळायचीच असते ती. वाळली की आपोआप पडते. सगळ्यांचीच पडते." सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मग हळूच लेकीला म्हणाल्या, "तुझी माझ्या हातात आली होती. मीही अशीच घाबरले, आणि सासूबाईंना सांगितलं, ह्यांनी ओढली."

"मग बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. पण त्या बिचाऱ्या माणसानं वर्षभर तुला हात लावला नाही."

सासूबाईंनी डोळे पुसले, बाळ उचललं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

"मानेखाली हात घाला. हां, असा. आणि लंगोट बदला, पुन्हा ओला केलाय त्यानं."