गुलछबू बिस्किटाची बखर

श्री. चहाच्या वाफेसच जो धूप मानून घेतो, त्या गजाननास दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावणमासी मृणालबाईसाहेबांनी आम्हांस फर्माविले की, "रोज आयता चहा पिता, तर गुलछबूची हकीकत तरी लिहून काढा." त्यावरून दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या या राज्याचे आम्ही खालच्या मजल्यावरील आश्रित, जैसे पाहिले तैसे लिहितो. पदरचे मीठ चिमूटभर घातले असेल, अधिक नाही.

या राज्याचे थोरले धनी आबासाहेब, त्यांच्या राणीसाहेब कुमुदिनीबाई, चिरंजीव हेमंतराव आणि हेमंतरावांच्या पत्नी मृणालबाई. रोज दुपार कलली की स्वयंपाकघरात चहाचा दरबार भरावा आणि मध्यभागी पत्र्याचा डबा यावा आणि डब्यातून गुलछबू निघावे, ऐसा शिरस्ता होता. गुलछबू म्हणजे दुकानी बिस्कीट, जांभळ्या कागदातले, कडेस नक्षी, मध्ये फूल उमटवलेले, आणि खोबऱ्याचा वास ऐसा की आम्हांस खालच्या मजल्यावर कळावे आणि आम्ही चप्पल न घालताच वर यावे. कुमुदिनीबाई मोठ्या मनाच्या, परंतु डब्याचे झाकण लावणे हे त्यांच्या प्रकृतीस मानवत नसे. झाकण डब्यावर नुसते टेकवावे आणि दुसऱ्या कामास लागावे, ऐसी त्यांची रीत. त्यावर आबासाहेबांनी नित्य गर्जना करावी, "अगं, झाकण! झाकण कोणी लावायचं?" आणि बाईसाहेबांनी पाठ न वळवता म्हणावे, "लावते हो. जातंय कुठे बिस्कीट?" ही लढाई चाळीस वर्षे चालली आणि कोणीच हरले नाही.

पुढे बाईसाहेब देवाघरी गेल्या. मग डब्याचा कारभार आबासाहेबांनी खासा आपल्या हाती घेतला आणि झाकण ऐसे दाबून बसवू लागले की हेमंतरावांस ते उघडताना चमच्याचा दांडा वापरावा लागे. थोडक्याच काळात आबासाहेब नाक मुरडू लागले. म्हणाले, "कंपनीनं माल बिघडवला. पहिल्यासारखं राहिलं नाही गुलछबू." आम्हीही मान डोलावली, कारण ज्याचा चहा प्यावा त्याच्या मताशी वाद घालू नये, ऐसे आमचे धोरण. तोच वर्तमान आले की कंपनीने गुलछबू काढणेच बंद केले. नाक्यावरचे दुकानदार शांतिलालशेठ म्हणाले, "साहेब, ते आता यायचं नाही. हे क्रीमवालं न्या, पोरं लई खातात." आबासाहेब तसेच माघारी फिरले आणि घरी येऊन म्हणाले, "आजपासून मला चहा नको." आणि दरबारातून उठून आपल्या खोलीत जाऊन बसले.

मोठा अनर्थ जाहला. चहा गेला तो गेला, आबासाहेबांचे बोलणेही गेले. जेवायास यावे, दोन घास घ्यावे आणि पुन्हा खोलीत जावे. दरबारात रिकामी खुर्ची पाहून मृणालबाईंचा जीव खालीवर होई. एके दिवशी त्या हेमंतरावांस म्हणाल्या, "आई गेल्या तेव्हासुद्धा इतके गप्प नव्हते हो. हे असंच राहिलं तर बाबा आपल्या हातचे जातील." हेमंतरावांस रडू आवरेना, आम्हांसही आवरेना. मग मसलत बसली आणि ठरले की काय वाटेल ते करावे, परंतु गुलछबू पुन्हा राज्यात आणावे.

मग हेमंतरावांनी स्कूटरवर स्वार होऊन स्वारी काढली. पेठा धुंडाळल्या, स्टेशनापलीकडची दुकाने पालथी घातली, आणि एका शहाण्याने गुलछबू म्हणून नानकटाई गळ्यात मारली, तीही खाऊन पाहिली आणि मग खाऊन संपवली. शेवटी सलीम उस्तादांच्या बेकरीत मृणालबाई जातीने गेल्या आणि वास, नक्षी, फूल, सर्व बयान केले. उस्ताद हसून म्हणाले, "भाभी, गुलछबू आम्हीपण खाल्लंय लहानपणी. थांबा, जमवतो." आणि दोनदा फसून तिसऱ्या खेपेस ऐसे जमवले की हेमंतराव पहिल्या घासासच ओरडले, "हेच! हेच ते!" आम्हीही शहानिशा म्हणून चार खाल्ली. हेच ते.

मग बशी सजवून आबासाहेबांपुढे ठेवली. त्यांनी बिस्कीट मोडले, कडकन आवाज जाहला, तुकडा चघळला आणि हळूच म्हणाले, "चांगलं आहे गं पोरी. पण हे नव्हे." इतके बोलून बशी सारली. तेव्हा मात्र मृणालबाईंचा पारा चढला. स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "हे नव्हे म्हणे! मी काय आता कंपनी काढू?" आणि बिस्किटे डब्यात ओतून डबा फळीवर आदळला आणि झाकण ओट्यावर भिरकावले. ते तसेच पडून राहिले. बाहेर श्रावण, भिंतींस ओल, वाळत घातलेले रुमालही वाळेनात ऐसी हवा, आणि डबा उघडा. रागाच्या भरात कोणी तिकडे पाहिले नाही.

पुढे तीनचार दिवसांनी आबासाहेब पाणी प्यावयास आत आले आणि त्यांची नजर फळीवर गेली. आणि मग जी गर्जना जाहली ती आम्ही खालच्या मजल्यावर ऐकली, "अगं, झाकण! झाकण कोणी लावायचं?" आम्ही अनवाणी धावत वर गेलो. आबासाहेब पुरावा म्हणून बिस्कीट धरून उभे होते. "हे बघा! सादळलं! वाकतंय नुसतं! हे काय खायच्या लायकीचं राहिलं?" आणि लायकी नाही हे सिद्ध करण्याकरिता त्यांनी ते तोंडात टाकले. आणि थांबले. डोळे मिटले. मऊ बिस्कीट जिभेवर विरघळले, खोबऱ्याचा वास उठला, आणि आबासाहेब ओट्यास टेकून म्हणाले, "कुमुदचं आहे हे." मग म्हणाले, "कंपनीनं काही बिघडवलं नव्हतं रे. मीच झाकण लावत होतो." आणि हसू लागले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि मृणालबाईंनी रडत रडतच चहाचे आधण ठेवले.

दुसऱ्या दिवशी दरबार पूर्ववत भरला. आबासाहेब आपल्या खुर्चीवर विराजमान जाहले, दुसरा कप मागून घेतला आणि आमच्या खाण्यावर टोमणाही मारला, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. चहा आटोपला आणि हेमंतरावांनी सवयीने झाकणास हात घातला. आबासाहेबांनी तो हात हलकेच बाजूस केला आणि म्हणाले, "राहू दे. जातंय कुठे बिस्कीट?"

येणेप्रमाणे गुलछबूची हकीकत जाहली. सलीम उस्तादांकडून नेमाने माल येतो, राज्यात सर्व कुशल आहे, डबा उघडा आहे, आणि मुंग्याही सुखी आहेत.