इंग्रजीच्या वाटणीचा अर्ज

मार्चमधल्या एका मंगळवारी इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इंग्रजी भाषेची वाटणी करून मागायला विट्याच्या कुटुंब सल्ला केंद्रात आले. अर्ज नियमात होता. पाचांच्या सह्या होत्या, तिकीट लावलेलं होतं.

समुपदेशक कुमुदिनी शेडबाळे यांनी पाच खुर्च्या मांडायला लावल्या. एकतीस वर्षांत त्यांनी भावाभावांची, सासूसुनांची पुष्कळ भांडणं मिटवली होती. देश बघून त्या बिचकल्या नाहीत. काळजी वेगळीच होती. गुरुवारी दहावीचा इंग्रजीचा पेपर होता, वादात असलेल्या भाषेचा पेपर घेता येत नाही असं वरून पत्र आलं होतं, आणि त्यांची भाची केतकी त्याच एका विषयासाठी तिसऱ्यांदा बसत होती.

"एकेकानं बोला," बाई म्हणाल्या. "थोरल्यानं आधी."

इंग्लंडनं घसा खाकरला. "भाषा माझी. ही अमेरिका शब्दांतली अक्षरं खाते आणि वर मलाच शुद्धलेखन शिकवते."

"सगळे माझी टिंगल करतात," अमेरिका म्हणाली, "आणि संध्याकाळी माझ्याच घरी सिनेमा बघायला येऊन बसतात."

कॅनडानं आधी माफी मागितली. मग म्हणाला, "लोक मला ही अमेरिकाच समजतात. मी ती नव्हे म्हटलं, तर हिला राग येतो."

ऑस्ट्रेलियाला इंग्लंडचा रुबाब सहन होत नव्हता.

"मग त्यांच्या राजाचा फोटो का ठेवलाय?" बाईंनी विचारलं.

"भिंतीला खिळा आहे," तो म्हणाला.

न्यूझीलंड धाकटं. "मला नकाशात काढायलाच विसरतात," एवढंच ते म्हणालं. बाकीच्या चौघांनी ते ऐकलं नाही.

बाईंनी पाचही जबाब वाचून पाहिले. नावं झाकली तर कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. प्रत्येकाला बाकीचे शिष्ट वाटत होते, आणि प्रत्येकाला त्यांच्याचकडे जाऊन राहायला आवडत होतं. पण वाटणी रोखायला आधार सापडेना. जाहीर नोटीस तेवढी उरली होती. ती दशरथ शिपायानं व्हरांड्यात वाचली : सदर भाषा वापरणाऱ्या कुणाची हरकत आहे काय?

"माझी आहे," सकाळपासून बाकावर बसलेला भारत आत येत म्हणाला. "वापरणाऱ्यांत माझी माणसं थोडीथोडकी नाहीत. वाटणी होत असेल तर माझंही नाव लावा."

त्याच्यामागे नायजेरिया आणि जमैकाही उभे राहिले.

मग अमेरिका इंग्लंडकडे बघून हसली. इंग्लंडही हसला.

"उच्चार ऐकलेत का याचे?" ऑस्ट्रेलिया म्हणाला. कॅनडानं माफी मागून हसून घेतलं.

इंग्लंडनं आपली खुर्ची अमेरिकेच्या खुर्चीला भिडवली. "बाई, हा आमच्या घरातला मामला आहे. भांड्याला भांडं लागायचंच. आम्ही एकत्र राहू."

तडजोडीवर पाचांच्या सह्या झाल्या तेव्हा साडेतीनही वाजले नव्हते. जाताना चौघे न्यूझीलंडला खोलीतच विसरले. बाईंनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. नायजेरिया आणि जमैका चहाला निघून गेले.

पेपर होणार म्हणून बाईंना हायसं वाटलं, तरी मन खट्टू झालं. भारत अजून उभाच होता.

"लागलं का हो मनाला?" त्यांनी विचारलं.

"छे. वाटा नसला तरी वापरतोच आहे की," भारत म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. "मी खरं तर दुसऱ्याच कामाला आलो होतो. माझ्याच घरात भाषांचं एकमेकींशी पटत नाही. भांडायलासुद्धा आम्हाला इंग्रजी लागते."

बाईंनी कोरा अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"घरातल्या भाषांची नावं सांगा. पहिलं कुठलं लिहू?"

भारतानं तोंड उघडलं. मग त्याची नजर दाराकडे गेली. व्हरांड्यात त्याच्या घरातल्या बऱ्याच जणी कान देऊन उभ्या होत्या.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पेन्सिलीनं लिहिलं तर चालेल का?"