दिवेलागणीचा हॉटस्पॉट

आमच्या शेजारचे आप्पा बोलायला लागले, की समोरचा चहाचा कप आधी बाजूला घ्यावा लागतो. नाहीतर तो आप्पांच्या हाताने उडतो. या माणसाचं तोंड जेवढं बोलतं, त्याच्या दुप्पट हात बोलतात. पाऊस म्हणताना दहाही बोटं आभाळातून खाली येतात. लग्न म्हणताना कपाळाला मुंडावळ्या बांधल्या जातात. म्हैस म्हटलं की डोक्याला शिंगं फुटतात, आणि तलाठी म्हटलं की पोट पुढे येतं. कपबशांचा अर्धा सेट गेल्यावर माझ्या बायकोने, सुमनने, त्यांना कायमचा स्टीलचा पेला लावून दिला.

आप्पा मूळचे पारनेर तालुक्यातले. शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथे पुणतांब्यातच राहिले. लग्न केलं नाही. काट्यावर ट्रॅक्टरची घरघर, हॉर्न, ड्रायव्हरांच्या शिव्या. तिथे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जाणार? हातानेच 'पुढं घे, मागं घे, थांब' करून करून ही सवय लागली असणार, असं मी गावभर सांगत असे. मी असं बरंच काही गावभर सांगत असतो.

सकाळी मी अंगणात दिसलो, की भिंतीपलीकडून आप्पा पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेतात आणि मग तळहात उताणा करून हलवतात. म्हणजे, 'जेवला का?' माझ्या तोंडात ब्रश असतो.

"आप्पा, अजून चूळ भरायचीय!" मी ओरडतो.

"मंग भरा की. आमी कुठं न्हाई म्हनलं?" आप्पा म्हणतात, आणि हाताने चूळ भरून दाखवतात.

माझं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही संकटावर माझा एकच इलाज असतो: दोन प्रती काढून ठेवा. सातबारा असो की लग्नपत्रिका, एकाचे दहा करणं हा माझा धर्म. याच धर्मामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

आमच्या भिशीच्या मंडळींनी यंदा परदेशात सहल काढायची ठरवली. दुबई सगळ्यांनी फोटोत बघितलेली. थायलंडचं नाव निघताच बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. व्हिएतनामबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे कोणाचा विरोधही नव्हता. आप्पा आधी तयार होईनात.

"येतो," शेवटी म्हणाले, "पन दिवेलागणीला अक्काला फोन लागला पायजे. रोज."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पारनेरकडच्या गावी वाटणीच्या रानात एकटी राहते, शेळ्या सोडून कुठे येत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक.

"हॉटेलातून लावून देऊ की फोन," मी म्हणालो.

"साधा फोन काय कामाचा? इंटरनेटचा पायजे. तोंड दिसलं पायजे."

म्हातारपणी आप्पांना व्हिडिओचा नाद लागला, ही बातमी संध्याकाळपर्यंत मी गावात पोचवली. वर "इंटरनेटचं माझ्यावर सोडा," असंही सांगून टाकलं. मला इंटरनेटमधलं काय कळतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

शिर्डीत एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्याने सांगितलं, आता परदेशात सिम बदलायची गरज नाही. हा काळ्या ठिपक्यांचा चौकोन मोबाईलने टिपायचा, की सिम आपोआप आत. "पण काका, माणशी एक चौकोन लागतो हं," तो म्हणाला. मी मनात हसलो. झेरॉक्सवाल्याला माणशी एक घ्यायला सांगतोय! मी एकच चौकोन घेतला, दुकानात येऊन जाड कागदावर सगळ्यांसाठी प्रती काढल्या, लॅमिनेशन केलं, भोक पाडून नाडी घातली आणि विमानतळावर एकेकाच्या गळ्यात चौकोन अडकवला. मंडळी पोलिओच्या डोसाला निघालेल्या बालवाडीसारखी दिसत होती.

हनोईला उतरल्यावर मी आधी माझ्या मोबाईलने टिपून दाखवला. टिंग करून इंटरनेट सुरू! टाळ्या पडल्या. मग बाकीच्यांनी टिपले. एकेकाच्या मोबाईलवर लाल अक्षरं आली: हा आधीच वापरला गेला आहे.

"अहो," सुमन सगळ्यांसमोर म्हणाली, "कुलपाची झेरॉक्स काढून दार बंद होतं का?"

विमानतळावर सिम विकणारे होते, पण आमची बस सुटत होती, आणि "माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट देतो की सगळ्यांना!" असं मी छाती काढून म्हणालो होतो. तेव्हापासून मी म्हणजे गावचा पाणवठा झालो. मी जाईन तिथे भिशी माझ्याभोवती गोळा. मंदिरात मी डावीकडे वळलो, की सगळे डावीकडे. बाथरूमला गेलो, की बाहेरून हाक: "शेठ, लवकर या, रेंज गेली!" एकाने पेरूचे भाव बघितले. एकाने घरच्या गोठ्यातला कॅमेरा लावला आणि परदेशात बसून आपली गाय रवंथ करताना बघत राहिला.

आप्पा मात्र दिवसभर काही मागायचे नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुणतांब्याच्या वेळेवरच ठेवलं होतं. "बदला की," म्हटलं तर म्हणाले, "हे अक्काचं घड्याळ हाय." त्या घड्याळात दिवेलागण झाली, की ते माझ्याजवळ येऊन उभे राहत. इथे तेव्हा जेवणाची वेळ झालेली असे. मी ताटावरून न उठता हॉटस्पॉट चालू करून द्यायचो. ते आपला मोबाईल घेऊन खांबाआड जायचे आणि थोड्या वेळाने खुशीत परत यायचे. एक शब्द ऐकू यायचा नाही. इतकं हळू काय बोलतात, म्हणून मी कानही लावून बघितला. काही नाही.

मग आम्ही समुद्रात गेलो. पाण्यातून वर आलेले उंच उंच डोंगर, आणि त्यांच्यामधून फिरणारी आमची मुक्कामाची बोट. डोंगर सुरेख होते, पण रेंज अडवायला तयार केल्यासारखे. त्यात गाय, पेरू आणि भिशीने मिळून माझं इंटरनेट पार तळाला नेलं होतं. मी वैतागलो, हॉटस्पॉट बंद केला आणि जाहीर केलं, "आजपासून पाणी बंद."

जेवणाची घंटा झाली. सगळे ताटांवर बसले. आप्पा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"आप्पा, आज नाही."

"थोडंच."

"अहो, रेंजच नाही. आणि एक दिवस नाही केला फोन, तर काय बिघडतं? उद्या लावा. रिंग वाजली की उचलतील अक्का."

आप्पांचे हात, जे कधी म्हणून थांबत नाहीत, ते खाली लोंबत राहिले.

"तिला रिंग ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "जन्मापास्नं. बोलताबी येत न्हाई. दिवा लावती, फोन म्होरं ठेवती आन त्याच्याकडं बघत बसती. फोनात उजेड पडला की उचलती."

"आणि नाही पडला तर?"

"बसून ऱ्हाती. तव्यावर भाकर टाकत न्हाई."

माझ्या हातातला घास ताटात गेला. सुमनने माझ्याकडे बघितलं. तिचं ते बघणं तिच्या बोलण्यापेक्षा वाईट.

आम्ही तिघे वरच्या डेकवर गेलो. मी हॉटस्पॉट पुन्हा चालू केला आणि माझा मोबाईल उंच धरून या टोकाचा त्या टोकाला गेलो. रेंजची एक दांडी यायची आणि जायची. शेवटी मी खुर्चीवर चढलो, कठड्यावरून बाहेर वाकलो, आणि सुमनने मागून माझा पट्टा धरला.

"सोडू नकोस गं!"

"आधी अक्कांचा फोन लागू दे," ती म्हणाली, "मग तुमचं बघू."

कुठल्यातरी दोन डोंगरांच्या फटीतून रेंज आली. आप्पांनी आपल्या मोबाईलवरून फोन लावला. पडदा उजळला आणि त्यात अक्का दिसल्या. डोईवरून पदर, मागे भिंतीच्या कोनाड्यात दिवा, आणि इतका वेळ पडद्याला चिकटून राहिलेले डोळे. त्या चेहऱ्यावर एकदम जे काही फुललं, ते बघून मी खुर्चीवर उभा असल्याचं विसरलो.

आप्पांनी मोबाईल टेबलावर टेकवला आणि हात मोकळे केले. डोंगर झाले, पाणी झालं, बोट डुलली. अक्कांच्या बोटांतून शेळी निघाली, तिला करडू झालं, पाऊस नाही आला. वजनकाट्याचा काही संबंध नव्हता. ज्या हातवाऱ्यांच्या नकला करून मी आयुष्यभर लोकांकडून फुकटचा चहा मिळवला, ती या दोघांच्या घरातली बोली होती. तिसरं माणूस ती बोलत नव्हतं, म्हणून आप्पा उरलेली आमच्याशी बोलत होते.

अक्कांनी खुर्चीवरच्या माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. आप्पांनी एक तळहात दुसऱ्यावर दोनदा दाबला आणि मग बोटांची चोच करून ती तोंडापाशी भराभर उघडली, मिटली.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं नाव. झेरॉक्सवाला, लई बोलनारा."

अक्का पोट धरून हसल्या. आवाज न होता कोणी इतकं हसू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघून हनुवटी उडवली.

"म्हनती, बोल की," आप्पा म्हणाले.

गावभर बोलणारा मी. मला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. मग आठवलं, की एक येतो. एका हाताने मोबाईल उंच धरून, दुसऱ्या हाताची बोटं जुळवली, तोंडाकडे नेली आणि तळहात उताणा केला.

अक्कांनी मान हलवली. नाही जेवल्या. त्यांनी दिव्याकडे बोट केलं, मग आप्पांकडे, मग दोन्ही तळहातांवर भाकरी थापली. आता टाकते, असं असावं. मग बोटं जुळवून ओठांपाशी नेली. तळहात उताणा व्हायच्या आतच चित्र थिजलं. माझं इंटरनेट संपलं होतं.

आप्पांनी फोन बंद केला नाही. त्या थिजलेल्या चित्राकडे बघत त्यांनी पोटावरून सावकाश हात फिरवला. जेवलो, पोट भरलं.

"आप्पा," मी खुर्चीवरून उतरत म्हणालो, "तुमचं ताट तर तसंच आहे खाली."

"व्हय," आप्पा म्हणाले. "पन तिला तसं सांगायचं नसतं."