उरलेला पाय

साडूची शिट्टी.

तीन पाय, एकही जमिनीवर नाही.

सासूबाईंची कुजबूज, गल्लीभर.

सासऱ्यांच्या खिशातली दुकानाची किल्ली.

सांगतो, सांगतो!

सासरे रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून निवृत्त होणार होते. किल्ली दोन जावयांपैकी, थोरला मी की धाकटा साडू, एकालाच मिळणार! निरोपाला पाहुणे जमायच्या आधी त्यांनी स्वतः बनवलेला अॅम्प्लिफायर उघडला आणि एका ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं.

"जावईबापू, ही जोडणी कुठली? ओळखा."

ओळखा? मला? अहो, ट्रान्झिस्टर तोंड फिरवून बसला तरी मी ओळखतो! नियम सोपा. ट्रान्झिस्टरला पाय तीन: बेस, एमिटर, कलेक्टर. आवाज एका पायातून आत शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो. उरलेला पाय सामाईक. त्यावरूनच जोडणीचं नाव.

एमिटर खालच्या तारेकडे गेलेला दिसला. झालं!

"कॉमन एमिटर!"

साडूची शिट्टी थांबली. "आवाज बाहेर कुठून पडतो ते पाहिलंत?"

"तुम्ही खुर्च्या मांडा!"

सासरे पाहुण्यांना आणायला गेले. मी पुन्हा डोकावलो. कलेक्टर सरळ वीजपुरवठ्याला चिकटलेला, मधे रेझिस्टरच नाही! असा कुठे कॉमन एमिटर असतो? मी रेझिस्टर बसवला. एमिटरला कपॅसिटरचा टेकू दिला. आवाजाची तार कुणा गाढवानं एमिटरला जोडली होती, ती उपटून कलेक्टरला लावली.

पाहुणे बसले. निरोपाच्या भाषणांचा माइक अजून आतल्या खोलीतच होता, चहाच्या कपांशेजारी. मी ऐटीत बटण दाबलं.

स्पीकर गरजला, "किल्ली धाकट्यालाच द्यायला सांग बाबांना! थोरल्याचे हात म्हणजे माकडाचे!"

आत कुजबुजणाऱ्या सासूबाई! पाठोपाठ माझी बायको, तितक्याच दणदणीत आवाजात, "हात परवडले गं आई, तोंड आवर म्हणावं!"

समोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून दारात आला.

सासऱ्यांनी झाकण उचलून आत पाहिलं.

"आवाज बेसमधून शिरून एमिटरमधून निघत होता, जावईबापू. उरला कोण? कलेक्टर. कॉमन कलेक्टर होता हा. आवाज वाढवायला नव्हताच, पुढच्या स्पीकरला नुसतं बळ द्यायला होता. तार कुणी हलवली?"

"कुणा गाढवानं..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"तार मी जोडली होती," सासरे म्हणाले. "हलवणाऱ्याचं विचारतोय."

साडूनं शिट्टीवर नवी चाल धरली. किल्ली त्याच्या बोटाभोवती गरागरा फिरत होती.

सकाळी, मी हात लावायच्या आधी, अॅम्प्लिफायर उत्तम चालू होता.