पोटातली पेटी

"एक जरी अंडं फुटलं, तर उद्यापासून हेन्रीच्या कारखान्यात कोबी कापायला जाईन!" लॅम्बर्ट व्होथनं बायकोला छातीठोकपणे सांगितलं. हेन्री म्हणजे तिचा भाऊ. कॅन्ससमधल्या त्या गावात त्याचा कोबी आंबवायचा कारखाना होता आणि घराण्यातल्या एकूण एक माणसाच्या कपड्यांना त्याचा वास येई. लॅम्बर्टचेच कपडे काय ते अजून वाचले होते. बायको म्हणाली, "बघा हं. मी दादाला सांगून ठेवते."

साल एकोणीसशे छत्तीस. लॅम्बर्टनं आठ वर्षं खपून विमान बांधलं होतं. इतरांची विमानं माल पोटात घेत, याच्या विमानाचं पोटच सुटं! चाकं लावलेली भलीमोठी पेटी. ती आधी निवांत भरून ठेवायची, वर विमान आणून उभं करायचं, आकड्यांत अडकवायची आणि उडायचं. पोचलं की ही सोडून दुसरी उचलायची. जगाला ही हुशारी कळायला अजून बरीच वर्षं लागणार होती. लॅम्बर्टच्या हातात मात्र दुपारपर्यंतचाच वेळ होता.

कारण शिकागोच्या एका बिस्किट कंपनीच्या खरेदी बघणाऱ्या मिस स्ट्राउड गाडीभर अंडी घेऊन हजर झाल्या होत्या. अंडी कॅन्सस सिटीला शाबूत पोचली, तर कंपनी विमानांची ऑर्डर देणार.

"मी अंड्यांबरोबरच बसणार," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, पेटीला खिडकी नाही!"

"मला देखावा नाही बघायचा. अंडी बघायचीत."

मग काय, विमान वैमानिकाच्या हवाली करून लॅम्बर्टलाही पेटीत बसणं आलं.

आकडे सोडायची कळ वर विमानात बसलेल्या मदतनीस गसच्या हाताशी. आठवडाभर दोघांचा सराव चालला होता. "मी हात वर केला की कळ ओढायची! का, कशाला, विचारायचं नाही!"

"नाही विचारत, मालक."

इंजिनं धडधडू लागली. गस खिडकीतून वाकून आकडे तपासत होता. लॅम्बर्ट पेटीचं दार ओढणार, तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून हेन्रीचा ट्रक गेला. आता त्या मुलखात रस्त्यानं कुणीही जावो, ओळखीचा असो वा नसो, हात वर करायचाच. नाही केला, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की याला शिंगं फुटली! हेन्रीनं हात केला. लॅम्बर्टनंही ऐटीत हात केला आणि दार लावून घेतलं.

गसनं कळ ओढली. का, कशाला, विचारलं नाही.

विमान भुर्रकन गेलं! पेटी राहिली. पण पंख्यांच्या वाऱ्यानं तिला असा काही रेटा दिला की तीही निघाली, उलट्या दिशेला. अख्ख्या तालुक्यात उतार एकच, तो नेमका तिथं.

आत बॅटरीच्या उजेडात बाई म्हणाल्या, "उडालो वाटतं!"

"उडालो!" लॅम्बर्टचा ऊर भरून आला.

"मग इंजिनाचा आवाज का नाही येत?"

लॅम्बर्टनं कान दिला. खरंच की! हवेत इंजिन बंद? म्हणजे आपण पडतोय! कोबी परवडला असता, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"आमची... आमची इंजिनं शांतच असतात."

धाडकन पेटी उसळली. "हे काय?" बाईंनी टोपी सावरली.

"ढग."

"चांगलेच टणक दिसतात!"

मग काहीतरी कडाकड मोडलं आणि सगळं थांबलं. लॅम्बर्टनं डोळे गच्च मिटले. तोच दारावर टकटक झाली.

"इतक्या वर कोण आलं?" बाईंनी विचारलं.

"ओ दाजी! बाहेर या आधी! माझ्या कोबीत काय हे घुसवलंत?"

दार उघडलं. समोर हेन्री, कमरेवर हात ठेवून. मागं त्याच्या शेतातला कोबीच कोबी. दूर आभाळात विमानाचा ठिपका कॅन्सस सिटीकडं चालला होता. लॅम्बर्टला सगळा उलगडा झाला. आठ वर्षं पाण्यात गेली होती.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "आपण उडालोच नाही."

"ते कळलं मला." बाई अंड्यांवरून बॅटरी फिरवत होत्या. "अहो, ही पेटी आली कुठून?"

"कुठून म्हणजे!" हेन्री उसळला. "नाला ओलांडून, माझं कुंपण मोडून! नुकसान कोण भरणार, दाजी?"

"नाला? कुंपण? आणि एकही फुटलं नाही?" बाईंचा चेहरा खुलला. "मिस्टर व्होथ, चाळीस द्या!"

लॅम्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. "चाळीस विमानं?"

"विमानं कशाला? नुसत्या पेट्या. ट्रकमागं जोडायच्या. ते वरचं काढून देता येतं ना?"

हेन्री गालातल्या गालात हसत होता. लॅम्बर्टनं आभाळात एकवार बघितलं. ठिपकाही दिसेनासा झाला होता. मग त्यानं घसा खाकरला.

"येतं की," तो म्हणाला. "रंग कोणता देऊ?"